लुर्दीनमावशी वाचत होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. कुमसाराला बसते — म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे पापं सांगायला — तेव्हाही नाही. तिथे मी बाकीचं सगळं सांगते. आईवर चिडले, रविवारच्या मिस्साला उशिरा गेले, असलं काहीबाही. हे तेवढं ओठांपर्यंत येतं आणि परत जातं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि हे वाचताना तुम्ही माझ्याकडे बघणार नाही. कुणी बघत असलं की मला बोलता येत नाही. लहानपणापासूनच.

पण सुरुवात कुठून करू?

दुपारपासून करते. शिरोड्याहून रेडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आमच्या वाडीत वळलं की माडांची सावली लागते आणि पायाखालचा रस्ता हळूहळू वाळूचा होतो. जेवणं झाली की सगळी वाडी आडवी होते. कुत्रीसुद्धा. समुद्र दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा असतो — शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत श्वास घेतंय, असा. त्या वेळी मी पाटी आणि खडू घेऊन लुर्दीनमावशीच्या पडवीत जायचे. लाल कोब्याची जमीन, पायांना गार लागणारी. ती भिंतीला टेकून बसलेली असायची, केस विंचरून, धुतलेला झगा घालून, शाळेला निघालेल्या मुलीसारखी. माझी वाट बघत.

माझी वाट बघत. हे मी पुन्हा लिहिलं, ते मुद्दाम.

लुर्दीनमावशी माझी सख्खी कुणी नाही. आमच्या घरापासून चार माड पलीकडे तिचं घर. नवरा रेडीच्या बंदरात कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मडगावला असतो, सणाला येतो. लहानपणी धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी राहिली आणि तिची शाळा राहून गेली ती गेलीच. याचं ती दुःख करत नसे. कुणी एखादा कागद पुढे केला की चष्मा सापडत नाही म्हणायची. तिला चष्मा नव्हताच. वाडीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी कधी बोललं नाही.

आणि मी? मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी मला दुसरी भाषा म्हणून होती. घरी मालवणी, वर्गात इंग्रजी, आणि मराठी आठवड्यातून काही तासांपुरती. पदवी घेऊन घरी आले होते आणि पुढे काय ते ठरत नव्हतं. बरोबरीच्या मुली पणजीला, पुण्याला गेल्या. मी दिवसभर घरात असे. कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं — आज आपण आईशिवाय कुणाशीच बोललो नाही. आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नसे, तेच जास्त विचित्र.

मग गावातल्या शाळेचे सर आले. सरकारचा प्रौढांसाठी साक्षरता कार्यक्रम सुरू झालाय, स्वयंसेवक हवेत, तू शिकलेली आहेस, घरी आहेस, असं म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

प्रशिक्षण कणकवलीला होतं. एका मोठ्या खोलीत आम्ही सगळे पंख्याखाली बसलो होतो, आणि एक बाई फार छान बोलत होत्या. प्रौढ माणूस म्हणजे मोठं झालेलं मूल नव्हे, म्हणाल्या. त्याचा मान आधी, अक्षर नंतर. त्याच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून सुरुवात करा. त्याच्या गतीने चला, घाई करू नका. आणि फसू नका — पुष्कळ जण ऐकून ऐकून पाठ करतात आणि वाचल्यासारखं म्हणतात. तेव्हा मधूनच विचारा, नवा मजकूर द्या, खरंच वाचतायत का बघा. मी भारावून ऐकत होते. ही सगळी तत्त्वं चांगली आहेत, आजही मला ती पटतात. म्हणूनच तर सांगायला जड जातंय. मी जे केलं, ते यातल्याच दोन तत्त्वांच्या आडून केलं.

सुरुवातीला पडवीत बऱ्याच बायका यायच्या. मग भातकापणी आली, कुणाची सून बाळंत झाली, कुणाला नुसताच कंटाळा आला. लुर्दीनमावशी तेवढी राहिली. येणं सोडलेली पावलीन समोरच्या पायवाटेने पाणी घेऊन जाताना टोमणा मारायची, "काय गो लुर्दीन, आता कलेक्टर होतलंस मा?" मावशी पाटीवरून मान न उचलता म्हणायची, "झालंय तर पयली तुका शाळेत धाडतलंय."

पहिला शब्द आम्ही 'मीठ' घेतला. शिरोड्याच्या मिठागरात तिची आई काम करायची. तिने तो शब्द पाटीवर माझ्या अक्षरांवरून गिरवला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाली, "एवढ्याशा अक्षरांत मीठ मावता गो?" मग बोट खडूच्या रेघेवरून फिरवून तिने ते जिभेला लावलं आणि स्वतःच हसली. त्यानंतर माड, सूप, बांगडा. एका शब्दातून एक गोष्ट निघायची, गोष्टीतून दुसरी, आणि पाटी मांडीवर तशीच राहायची. माडांच्या झावळ्यांची सावली जमिनीवरून हळूहळू सरकत आमच्या पायांपर्यंत यायची. मी बोलायचे — हो, मी. मी तिला माझ्या शाळेतलं सांगायचे, कुणाला न सांगितलेलं. ती ऐकायची आणि मध्येच होणाऱ्या नवऱ्यावरून चिडवायची, "घोवाक पण तू असाच खडू घेवन शिकयशीत." मला वाटायचं, ही दुपार अशीच राहावी. घड्याळाने इकडे येऊच नये.

आता लादिनीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक खुरीस आहे, म्हणजे क्रूस, चुन्याने रंगवलेला. दर मे महिन्यात, मुंबईची माणसं आलेली असताना, तिथे संध्याकाळी सगळी वाडी जमते आणि सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, प्रार्थना होते. तिला आम्ही लादीन म्हणतो. एक जण पुढे उभा राहून पुस्तिकेतून एकेक ओळ वाचतो, बाकीचे मागून एकच उत्तर देतात, आमच्यासाठी विनंती कर म्हणून. नंतर उकडलेले चणे वाटतात. दरवर्षी एका घराचा मान असतो. त्या घराने खुरीस सजवायचा, चणे करायचे, आणि त्याच घरातल्या माणसाने पुढे उभं राहून वाचायचं. घरं पुष्कळ, त्यामुळे मान एकदा गेला की पुन्हा यायला फार वर्षं लागतात.

लुर्दीनमावशीच्या घरातून आजवर कुणी वाचलं नव्हतं. मान असला तरी पुस्तिका दुसऱ्याच्या हातात द्यायची रीत होती. "सासू माझी मेणबत्ती धरून मागे ऱ्हवली," ती मला म्हणाली होती, "माझ्या येळेक मी पण मेणबत्तीच धरलंय. औंदा मान आमचो. औंदा मी वाचतलंय." आणि मग अगदी हळू, "लोक हसतीत काय गो?"

यासाठी ती शिकत होती. सरकारसाठी नाही, परीक्षेसाठी नाही. एका संध्याकाळी, आपल्या माणसांच्या पुढे, आपल्या हातात पुस्तिका धरून उभं राहण्यासाठी.

मी किती फिरून फिरून येतेय, बघा. अजूनही.

फेब्रुवारी असेल. आंब्याला मोहोर होता आणि वाऱ्यावर त्याचा वास पडवीत येत होता. सर सकाळी घरी येऊन गेले होते. मार्चमध्ये एका रविवारी शाळेत परीक्षा आहे, म्हणाले, लुर्दीनबाईंची तयारी झाली असली तर त्यांना बसवू. त्या पास झाल्या की तुझं इथलं काम पूर्ण झालं. ते शाबासकी देत होते. मी मात्र 'पूर्ण झालं' एवढंच घेऊन दुपारी तिच्याकडे गेले.

तिने लादिनीची पुस्तिका काढून ठेवली होती. फादरांनी नवी छापून आणलेली, पातळ, निळ्या कव्हराची. "बग हां," म्हणाली, आणि वाचायला लागली. बोट ओळीखाली. मी डोळे मिटून ऐकत होते. आधी अडखळत, मग सरळ. सायबिणीचं एकेक नाव — तिचा आवाज जरा कापत होता, पण थांबत नव्हता. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं. मोहोर, समुद्र, आणि तो आवाज.

आणि मग एका ठिकाणी माझे डोळे उघडले.

आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या एका जागी सायबिणीची दोन नावं उलटी म्हणतात. आधी पहाटेचा तारा, मग स्वर्गाचं दार. कुणी पहिल्यांदा चुकलं असेल देव जाणे, पण सगळ्यांच्या तोंडी तेच बसलंय, माझ्याही. या नव्या पुस्तिकेत मात्र दार आधी आहे आणि तारा नंतर. लुर्दीनमावशीने आयुष्यभर तारा आधी म्हटलेला. त्या दुपारी तिच्या बोटाखाली दार आलं आणि तिने दार म्हटलं. मग तारा. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती पुढे गेली, शेवटपर्यंत गेली, आणि पुस्तिका मिटून तिने माझ्याकडे बघितलं.

पाठ म्हणणाऱ्या माणसाकडून असं होत नाही. ती वाचत होती. मला ते कळलं होतं — यात कसलाही संशय नव्हता, तेव्हाही नाही, आजही नाही.

मी म्हणाले, "मावशी, हे तुझं पाठ आहे. हे वाचन नव्हे."

मी ते पुस्तकी मराठीत म्हणाले. एरवी मी तिच्याशी मालवणीत बोलायचे. मालवणीत मला ते जमलं नसतं, असं वाटतं. कचेरीतली माणसं बोलतात तसं बोलले, शांतपणे, कणकवलीच्या त्या बाईंचा स्वर घेऊन. प्रौढ शिकणारे असं करतात, असंही म्हणाले. घाई नको, आपण तुझ्या गतीने जाऊ.

तिने पुस्तिकेकडे बघितलं. मग बोटाकडे. "होय गो?" म्हणाली. "माका वाटला, मी वाचतंय."

तुम्ही विचाराल, मी तेव्हाच का नाही सांगितलं? मस्करी केली म्हणता आलं असतं. तिने ती हसण्यावारी नेलीही असती. ती माझ्याकडे बघत होती, विश्वासाने, आणि मला — हे लिहिताना हात थांबतोय — मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. उद्याची दुपार वाचली, असं वाटलं.

आणि तिने ते तपासायचं कसं? लादीन तिला पाठ होतीच, सगळ्या वाडीला असते. आपण वाचतोय की म्हणतोय हे ज्याला नुकतंच वाचता येऊ लागलंय त्याने कुणाला विचारायचं? शिकवणाऱ्याला. ती मी होते.

सरांना मी सांगितलं, अजून तयारी नाही. ते म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या खेपेला बसवू. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू सांगशीत तसा." परीक्षेच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही शाळेवरून आलो. वऱ्हांड्यात दुसऱ्या वाडीतल्या बायका लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसल्या होत्या, हातात पेन घट्ट धरून. मावशी कुंपणाशी थोडा वेळ थांबली. मी तिच्या चपलांकडे बघत उभी होते.

दुपारी आमचा वर्ग होत राहिला. पण वर्ग तो नव्हता. तिचं बोट आता प्रत्येक अक्षरापाशी थांबायचं आणि ती मान वर करून माझ्याकडे बघायची — ह्या खरा मा? — आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढे जायची नाही. मी नवा मजकूर आणायचे, ती तो वाचायची, आणि तरी विचारायची. गोष्टी निघेनाशा झाल्या. मीठ मीठच राहिलं. मी जे टिकवायला गेले होते ते रोज थोडं थोडं पाटीवरून पुसलं जात होतं, आणि मी एक वाक्य बोलले असते तर — पण नाही बोलले. रोज ठरवायचे, उद्या. मार्च गेला. एप्रिल गेला.

मे महिन्यात खुरीस पांढरा झाला. मावशीचा मुलगा मडगावहून आला, त्याने झेंडूच्या माळा बांधल्या, चण्याचं मोठं भांडं चुलीवर चढवलं. मुंबईची माणसं, मुलं, म्हातारी — सगळी वाळूत उभी. दिवस बुडत होता आणि मेणबत्त्या लावत होते. मावशीने जपून ठेवलेला निळा झगा घातला होता. तिच्या हातात पुस्तिका होती. मला क्षणभर वाटलं, वाचेल ती. माझं न ऐकता वाचेल. मी मनात तसं मागितलं, सायबिणीकडे — आपण खोटं बोलायचं आणि ते दुसऱ्याने आपल्यासाठी मोडावं, असं मागणं.

ती माझ्यापाशी आली. "तूच वाच गो बाय. माका कायच येणा नाय. लोकांसमोर घोटाळो होतलो." आणि पुस्तिका माझ्या हातात ठेवून तिने माझ्या आईकडून मेणबत्ती घेतली.

मी वाचलं. मी, जिने शाळेत कधी हात वर केला नाही. माझा आवाज वाळूवरून माडांपर्यंत जात होता आणि एवढी माणसं मला उत्तर देत होती. मला तो आवाज माझा वाटत नव्हता. मावशी माझ्या खांद्यामागे उभी होती, मेणबत्तीचा उजेड पुस्तिकेवर पडेल अशी. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. ती माझ्याबरोबर म्हणत होती, ओठांतल्या ओठांत. बरोबर नव्हे — माझ्यापेक्षा अर्धा शब्द पुढे. घाबरून माझी नजर एकदा ओळ सोडून खाली घसरली, तेव्हा मागून तिनेच पुढचा शब्द कुजबुजला आणि मी तो मोठ्याने म्हटला. मग ती जागा आली. सगळी वाडी जिथे तारा म्हणते, तिथे माझ्या मागून आवाज आला — दार.

कुणाला काही कळलं नाही. लादीन झाली, चणे वाटले. माणसं मला येऊन सांगत होती, किती छान वाचलंस, किती स्वच्छ. आईचे डोळे भरले होते. मावशी भांड्यापाशी उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "बाय बरी शिकयता. माझ्याच डोक्यात शिरणा नाय, ती काय करतली?" आणि हसत होती. पावलीनसुद्धा हसली. मीही थोडं हसले. ते हसू मला अजून आठवतं, गालांत कुठे दुखलं तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर पडवीत कुणी नव्हतं. आत ती चण्याचं घासलेलं भांडं पुसत होती. "आता पुरे गो बाय," म्हणाली, "वय झाला माझा." पाटी तिने धुवून, कोरडी करून मला परत दिली.

यापुढे सांगण्यासारखं फारसं नाही. मी एकटी होते म्हणून असं केलं, असं मला म्हणता येईल, पण त्या वाडीत एकटी मीच नव्हते. तीही होती. तिने त्यापायी कुणाचं काही बिघडवलं नाही, केस विंचरून वाट बघत बसली फक्त.

परवा शिरोड्याच्या स्टँडवर आम्ही दोघी बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्या होतो. एक एसटी वळून आमच्या पुढ्यात थांबली. मावशीने मान वर करून पाटीकडे बघितलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलले — आधी एक अक्षर, मग दुसरं. रेडी. अगदी स्पष्ट.

मग ती माझ्याकडे वळली. "ही खंयची गो गाडी?"

मी म्हटलं, "रेडीची."

"चल मगे," ती म्हणाली, आणि माझा हात धरून पायरी चढली.